धुणारीच्या नावावर

होळी होऊन पंधरा दिवस झाले की पाण्याला वास येऊ लागतो. कुणाला येतो, कुणाला येत नाही, मला येतो. टाकीतली पातळी खाली गेली की तळाचा गाळ जवळ येतो आणि सकाळी चूळ भरताना जिभेवर लोखंडाची चव रेंगाळते. नेमका त्याच दिवसांत बाल्कनीतल्या कुंडीत मोगरा फुलतो. लोक मोगऱ्यावर भाळतात. माझ्या नाकात मोगरा आणि गाळ एकदमच शिरतात आणि पोटातून किळस वर येते. ही किळस नुसत्या पाण्याची नाही, हे मला ठाऊक आहे. मी बारा वर्षांचा होतो तेव्हाच्या एका उन्हाळ्यापासून ती माझ्याबरोबर आहे. पण त्या उन्हाळ्यात ती मला आली नव्हती. गोची आहे ती तिथंच.

यंदा पाणीकपात लवकर जाहीर झाली. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं यायला लागली: पाणी वाचवा, पाणी म्हणजे जीवन. ज्यांनी ती पाठवली त्यांतल्या तिघांच्या गाड्या त्याच सकाळी पाइप लावून धुतल्या जात होत्या. मी नवव्या मजल्यावरून पाहत होतो. मला आकडे आपोआप दिसतात, त्याला इलाज नाही. जासईच्या बाजूला एका कंटेनर यार्डात मी पंचवीस वर्षं टॅलीवर आहे. ट्रकमधून किती खोकी उतरली, कंटेनरमध्ये किती चढली, दोन्ही आकडे जुळले की सही. न जुळले तर पुन्हा पहिल्यापासून. घरीसुद्धा जिना चढताना मी पायऱ्या मोजतो. बायको म्हणते, देवळात प्रदक्षिणा घालताना तरी तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटू नका.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोपरखैरण्याचा तो तुकडा दिसतो जिथं आमची बैठी घरं होती. आता त्या जागी चार मजली इमारती आहेत, प्रत्येकीच्या गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग. तिथून इथवर सरळ रेषेत एक किलोमीटरही नाही. पण तिथं आम्ही चौदा घरं एका नळावर होतो आणि इथं माझ्या एका घरात सात नळ आहेत. हे सात नळ सोडले की येतो तो आवाज मला अजून थोडा लाजिरवाणा वाटतो. थोडाच. पूर्वी जास्त वाटायचा.

त्या घरांमधले बहुतेक बाप बाजारात हमाली करायचे. माझे वडीलही. सगळे साताऱ्याकडचे, एकमेकांच्या गावांची नावं ठाऊक असलेले. वडील घरी यायचे तेव्हा त्यांच्या खांद्याला गोणपाटाचा आणि कांद्याचा वास असायचा, आणि त्या वासाला धुवायला एक बादली लागायची. त्या उन्हाळ्यात ती बादलीही मिळेना. नळ पहाटे तासभर यायचा. चौदा घरांच्या चौदा बायका हंडे घेऊन उभ्या; पहिले आठ दिवस रोज भांडणं. कुणाचा हंडा फेकला, कुणाच्या झिंज्या ओढल्या. नवव्या दिवशी वडील म्हणाले, "आमचं पोरगं लिहील. त्याला आकड्याचं वेड हाय. एक हंडा सुटायचा न्हाय त्याच्या नजरंतनं."

माझी सहावीची परीक्षा संपली होती. मला खडूचा तुकडा मिळाला आणि नळामागची भिंत मिळाली. एवढी मोठी फळी मला शाळेतही कुणी दिली नव्हती. मी एक ते चौदा आकडे लिहिले, त्यांच्यासमोर रेघा मारायला जागा सोडली. नियम मीच बनवला: एका फेरीत घरटी एक हंडा, अशा सहा फेऱ्या. चौदा सख चौऱ्याऐंशी हंडे. घड्याळ लावून पाहिलं, तासाभरात नीट बसत होतं. आठवडाभरात भांडणं बंद झाली. बायका माझ्या रेघांकडे पाहून गप्प उभ्या राहायच्या. पहाटेचा गार दगड, तळपायाखालचं शेवाळ, खाडीकडून येणारा खारट वारा, पितळेच्या हंड्यात पडणाऱ्या पाण्याचा सुरुवातीला पोकळ आणि मग भरत जाणारा आवाज, आणि खडू धरलेला मी. जगात न्याय असतो आणि तो मला करता येतो, असं मला त्या उन्हाळ्यात जितकं वाटलं तितकं पुढं कधी वाटलं नाही. शेजारची इंदूआत्या मला राजा म्हणायची. बाराव्या घरातल्या काकी गुळाचा खडा हातात ठेवायच्या.

सगळ्या बायका माझ्या कोणी ना कोणी होत्या. आत्या, काकी, मावशी, मामी. एक सोडून. सातव्या खोलीत लातूरकडचं बौद्ध कुटुंब होतं. नवरा रबाळ्याच्या बाजूला कारखान्यात जायचा, तीन लहान मुलं. ती बाई उंच होती, तिचा हंडा ॲल्युमिनियमचा होता आणि त्याला एका बाजूला पोचा होता. तिला सगळे सात नंबर म्हणायचे. "सात नंबर आली का?" "सात नंबरला सांगा, पुढं सरक." मीही तेच म्हणायचो. माझ्या भिंतीवर सगळेच आकडे होते, त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

ती हंडा भरून बाजूला झाली की तिच्यामागची बाई तांब्याने नळाची तोटी धुवायची. दोन तांबे. एक वरून, एक खालून हात फिरवून. मग आपला हंडा लावायची. कुणी काही बोलायचं नाही. सात नंबरही बोलायची नाही; ती हंडा डोक्यावर चढवून पाठ फिरवून निघून गेलेली असायची. पाणी दगडावरून वाहत गटारात जायचं.

ते पाणी मला खुपलं. जातीपातीचं मला खुपलं नाही, हे लिहायला आज हात अडखळतो, पण खरं ते खरं. मला खुपलं ते वाया जाणारं पाणी. मी घरून तांब्या नेऊन मोजलं: एका हंड्यात बारा तांबे मावत होते. सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीला दोन तांबे, म्हणजे बारा. दिवसाला बरोबर एक हंडा गटारात. शेवटच्या, चौदाव्या घराचा सहावा हंडा रोज अर्धाच का भरतो, ते कोडं सुटलं. मला इतका आनंद झाला की मी पळत जाऊन वडलांना सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी मी हिशेब बरोबर केला. हा तोटा कुणाच्या घरामुळं होतो? सातच्या. मग सातचा एक हंडा कमी. सगळ्यांना सहा, सातला पाच.

सहाव्या फेरीला ती पुढं आली तेव्हा मी म्हणालो, "तुमचे झाले. तुमच्या नावावर बारा तांबे आहेत."

"कसले बारा तांबे?"

"तोटी धुवायचे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. तिला वाचता येत होतं, हे मला तेव्हा कळलं, कारण तिची नजर आकड्यांवरून ओळीनं फिरली आणि सातपाशी थांबली. ती रागावली नाही. एखाद्या मुलाला गणितातली चूक दाखवावी तशी म्हणाली, "धुणारीच्या नावावर लिही की, बाळा."

मला ते हुज्जत घालणं वाटलं. मी मान हलवली. मागून कुणीतरी म्हणालं, "चल गं सात नंबर, पोराचा हिशेब चोख हाय." तिनं रिकामा हंडा उचलला. रिकामा हंडा घेऊन जाताना त्याचा बांगड्यांना लागून आवाज होतो. तो आवाज तिच्या दारापर्यंत ऐकू आला. जूनमध्ये पाणी पूर्ववत झालं तोवर ती रोज पाचच हंडे नेत होती. तीन मुलं होती तिला.

तिच्यामागं उभी राहून तोटी धुणारी बाई आठ नंबरची होती. आठ नंबरची खोली आमची होती. धुणारी माझी आई.

त्या दिवशी संध्याकाळी वडलांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. मला अजून त्या थापेची जागा सांगता येते. डाव्या खांद्याच्या जरा खाली.

वयाबरोबर माणसाची मूल्यं बदलतात, असं लोक म्हणतात, आणि म्हणताना जरा समजूतदार हसतात. जणू दाढी पिकते तसं ते आपसूक होतं आणि चांगलंच होतं. माझा अनुभव असा नाही. मूल्यं बदलतात तेव्हा काही आवाज होत नाही. आधी फक्त किळस यायची थांबते. पंचविसाव्या वर्षी यार्डात नवीन लागलो तेव्हा फुटलेल्या खोक्यावर 'चांगल्या स्थितीत' असा शिक्का मारणाऱ्या माणसाच्या हातचा चहासुद्धा माझ्या घशाखाली उतरत नसे. पस्तिसाव्या वर्षी त्याच माणसाबरोबर मी डबा खात होतो. म्हणत होतो, मी तर मारत नाही ना शिक्का. चाळिशीत मुलीच्या शाळाप्रवेशात कुणीतरी ओळख काढून पुढं घुसलं तेव्हा चिडलो. दोन वर्षांनी मुलाच्या वेळी ओळख मीच काढली आणि त्या दिवशी घरी श्रीखंड आणलं. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण होतं, आणि कारण खोटं नव्हतं. टाकी गळत असली की रोज पाहणाऱ्याला कळत नाही. आठ दिवसांनी काठी घालून पाहिलं की पातळी कळते. मी काठी घालत नव्हतो.

बाराव्या वर्षी मला वाटायचं, सगळ्यांना सारखं मिळालं की झालं. पंचविसाव्या वर्षी, नियम पाळला की झालं. पुढं पुढं, आपण कुणाचं घेतलं नाही की झालं. हे शेवटचं सगळ्यांत सोयीचं आहे. त्यात काहीच करावं लागत नाही.

आता यंदाचं. मार्चच्या शेवटी चेअरमनसाहेब लिफ्टमध्ये भेटले. भला माणूस, निवृत्त, रोज योगासनं. म्हणाले, "तुमचं ते काउंटिंगचं डोकं जरा सोसायटीला द्या ना. छप्पन फ्लॅट, एवढं पाणी जातं कुठं? एक स्टडी करा. टेन्शन नको, आरामात." मला आनंद झाला. खडू मिळाल्याचा तोच आनंद, आणि मला तो ओळखू आला नाही.

आठ दिवस मी पहाटे खालच्या टाकीत काठी घालून पातळी घेतली. सुट्टी टाकून दुपारीही थांबलो. रोजचं एकूण पाणी सुमारे पन्नास हजार लिटर. त्यातलं लॉनला चोवीसशे. पंप वेळेवर बंद न केल्यामुळं वरच्या टाकीतून वाहून जाणारं पंधराशे. घराघरातली पाणी गाळायची मशिनं जे पाणी फेकतात ते अकराशेच्या वर. चौतीस गाड्या, प्रत्येकीला दोन बादल्या, एक हजार वीस. आणि मीटरखोलीच्या मागं एक नळ आहे, त्यावर घरकामाला येणाऱ्या बायका दुपारी परत जाताना एकेक कॅन भरून नेतात.

मी तिथं वही घेऊन उभा होतो तेव्हा मंगल आली. आमच्याकडे ती सहा वर्षं भांडी करते. बोनकोड्यात भाड्याच्या खोलीत राहते. तिथं कपात लागल्यापासून दिवसाआड पाणी येत होतं.

"काय मोजताय, दादा?"

"पाणी."

"आमचंपण?"

"सगळ्यांचं."

ती हसली. कॅन माझ्यासमोर धरला. "मग नीट बघा. दहा लिटरचा हाय. काठोकाठ नाय भरत मी, रस्त्यात हिंदकळतं. तेवढं कमी लिहा."

मी अकरा बायका मोजल्या. अकरा कॅन, एकशे दहा लिटर. पन्नास हजारांत एकशे दहा म्हणजे हजार लिटरमागं जेमतेम दोन. मोठ्या आकड्यापासून लहानाकडे असा तक्ता केला, म्हणून ही ओळ सगळ्यांत शेवटी आली. 'तळमजल्याचा नळ, ११ कामवाल्या, ११० लि.' ती गाळावी असं माझ्या मनातही आलं नाही. गाळलेला आकडा म्हणजे खोटा तक्ता.

रविवारी सकाळी मीटिंग झाली. तक्ता सगळ्यांच्या हातात. सगळ्यांनी तो वरून खाली वाचला, मग सहाव्या मजल्यावरच्या मॅडम म्हणाल्या, "अय्या, हे मला माहीतच नव्हतं! या लोकांना आपलं पाणी अलाउड आहे?"

"अलाउड वगैरे काही नाही," चेअरमन म्हणाले. "असंच चालू आहे."

"म्हणजे फुकट? आणि आपण कपात सोसायची?"

मी म्हणालो, "अहो, ते हजारात दोन आहे. लॉन पाहा ना पहिल्या ओळीत."

"लॉन वाळलं की पुन्हा लावायला किती त्रास होतो, माहितेय का तुम्हाला? ते लाँग टर्म आहे."

"गाड्या?"

"गाड्यांचं प्रत्येकाच्या कॉन्शन्सवर सोडू," कुणीतरी म्हणालं आणि सगळे मनापासून हसले.

मग मॅडम जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "पाण्याचं जाऊ द्या हो, पण हायजीनचं काय? कुठून कुठून येतात, त्या नळाला हात लावतात, तोंड लावतात. वॉचमन तिथूनच पाणी घेऊन आपला पॅसेज पुसतो. मी तर त्याला सांगितलंय, आधी नळ डेटॉलने पूस."

माझ्या तळपायाला शेवाळ लागलं. खरोखर लागलं, मी खाली पाहिलं, तर चकचकीत फरशी होती. कोणी दचकलं नाही. कुणीतरी चहाचा कप सरकवला. ठराव एका मिनिटात झाला: नळ बंद. मी काय केलं? मी म्हणालो, "हे बरोबर नाही." एकदा म्हणालो. मग बसलो. सांगण्यासारखं बरंच होतं, पण शेजारचे गृहस्थ माझा तक्ता पाहून म्हणाले, "काम मात्र एकदम परफेक्ट केलंय हं तुम्ही," आणि मी मान लववली. सवयीनं. डाव्या खांद्याखाली ती थाप पुन्हा जाणवली.

मंगळवारी दोन्ही लिफ्टमध्ये नोटीस लागली. नळाची चावी काढून सोसायटीच्या ऑफिसात ठेवली गेली. नळाचा नुसता दांडा उरला. नोटिशीत लिहिलं होतं, 'सभासदांनी केलेल्या शास्त्रशुद्ध पाहणीनुसार', आणि पुढं माझं नाव, फ्लॅट नंबर ९०३. ते नाव वाचून मला जी शिसारी आली, तिच्यासाठी मला अडतीस वर्षं थांबावं लागलं होतं.

आई माझ्याकडेच असते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, दुपारी बाल्कनीत मोगऱ्याच्या कळ्या खुडते. मंगलसाठी रोज चहा ठेवते, स्वतःच्या कपात देते. तो कप पुन्हा वेगळा काढत नाही की दोनदा धूत नाही. हे मी सहा वर्षं पाहतोय आणि मनातल्या मनात तिला गुण देतोय. त्या दिवशी मी तिला विचारलं, "आई, बैठ्या घरात असताना आपल्या शेजारी सात नंबरला ती बाई होती ना, लातूरकडची. तिचं नाव काय गं?"

"कोण सात नंबर?"

"तू तिच्यानंतर तोटी धुवायचीस."

"मी?" तिच्या हातातली कळी थांबली. "मी कशाला धुईन? काय बोलतोस? आरं, मी असलं कधी पाळलं न्हाय. तुला कुणी सांगितलं?"

"मी भिंतीवर लिहायचो, आई. बारा तांबे."

"मग तुझंच काय तरी चुकलं असंल," ती म्हणाली, शांतपणे, आणि पुन्हा कळ्या खुडू लागली.

ती खोटं बोलत नव्हती. तेच भयंकर होतं. तिची मूल्यं बदलली आणि जाताना जुनी आठवणही पुसून घेऊन गेली, दगडावरून पाणी जावं तशी. ती आज चांगली बाई आहे. म्हणून तिच्या लेखी ती कालही चांगलीच होती. मला तिचा राग आला, मग वाटलं, निदान तिच्या कपात तरी बदल झाला. माझ्यात काय बदललं? तेव्हाही मोजलं, आताही मोजलं. तेव्हाही आकडे बरोबर होते, आताही आहेत. एक हंडा तेव्हा मी काढून घेतला, अकरा कॅन आता. प्रगती म्हणायची तर एवढीच, की आता खडूऐवजी प्रिंटर आहे.

दुसऱ्या दिवशी मंगल आली. भांडी जास्त जोरात वाजत होती. जाताना मी म्हणालो, "मंगलताई, कॅन आणा. इथून भरून देतो. दोन न्या."

"नको."

"अहो, आपलंच घर आहे."

"मी भरीन हो तुमच्याकडनं. बाकीच्या दहा?" ती पदराला हात पुसत होती. "आणि दादा, खाली आम्ही अकरा जणी उभ्या राहतो ना, कुणाच्या घरात न जाता. तुमच्या किचनमधनं नेलं की ते तुमचं दिलेलं होतं. खाली ते फक्त पाणी होतं." मग दारात थांबून म्हणाली, "मोजलंत ते बरं केलंत पण. सहा वर्षं येते, पहिल्यांदा कागदावर आले."

टोमणा होता. पुरेपूर लागला.

त्या आठवड्यात मी यार्डात दोनदा चुकीची टॅली केली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. दुपारच्या उन्हात कंटेनरच्या पत्र्यातून वाफा निघतात, आतल्या खोक्यांना ओलसर पुठ्ठ्याचा वास येतो. मी आत उभा राहून मोजत होतो आणि प्रत्येक वेळी सातपाशी अडखळत होतो. तिचं वाक्य आठवत होतं. इतकी वर्षं मी ते दयेची याचना म्हणून आठवत आलो होतो, आणि मनात तिच्यावर दया करत आलो होतो. ती काही मागत नव्हती. ती माझा हिशेब तपासत होती. आकडा बरोबर होता, नाव चुकलं होतं. मी ज्या कामाचा पगार घेतो त्यातली ही पहिली शिकवण आहे: माल मोजला पण चुकीच्या माणसाच्या नावावर चढवला, तर ती टॅली नव्हे, ती चोरी.

शनिवारी मी नवा तक्ता केला. मोजणी तीच, आकडे तेच, एक लिटरही इकडचा तिकडे नाही. फक्त समोर नावं घातली. चौतीस गाड्या एका ओळीत ठेवल्या नाहीत. गाडीमागं एक ओळ, फ्लॅट नंबर आणि मालकाचं नाव. गाळायच्या मशिनांचं तसंच. लॉनसमोर कमिटीच्या सातही जणांची नावं, पंपासमोर चेअरमनसाहेबांचं. पहिली ओळ माझी: ९०३, गाडी धुणे, ३० लिटर, म्हणजे तीन कॅन. होय, माझीही गाडी रोज धुतली जात होती. आठ दिवस मी त्या गाडीला वळसा घालून टाकीकडे जात होतो. त्याखाली ९०३, गाळायचं मशिन, २० लिटर, म्हणजे दोन कॅन. माझ्या एका घरातून पाच बायकांचं पाणी जात होतं. तळमजल्याच्या नळाची ओळ मात्र मी काढून टाकली. तिच्यामुळंच घात झाला होता, आणि मला वाटलं, तेवढं तरी आपण त्यांच्यासाठी करावं. एकेक लिटर जपणाऱ्या मी पहिल्यांदाच जाणूनबुजून एक आकडा गाळला, आणि त्याचं मला कौतुकही वाटलं.

रविवारी सकाळी पहिल्या लिफ्टमध्ये कागद लावला. नोटिशीच्या शेजारी नाही, नोटिशीवर. दहा मिनिटांत चेअरमनसाहेबांचा फोन आला. "अहो, हे काय? नावं कशाला? आपण सिस्टिमवर बोलू ना, पर्सनल नको."

"पहिलं नाव माझंच आहे, साहेब."

"ते ठीक आहे, पण लोक दुखावतात."

"नळाची चावी ऑफिसात आहे ना?"

"तो वेगळा इश्यू आहे."

"कागद फाडलात तर मी उद्या पुन्हा लावीन. माझ्याकडे तीस प्रती आहेत."

तिकडून सुस्कारा ऐकू आला. मी पायऱ्या उतरून दुसऱ्या लिफ्टकडे गेलो. ही सामानाची लिफ्ट. कामाला येणाऱ्या बायकांना हीच वापरायची असते, तशी पाटी आहे. मी पट्टी चिकटवत होतो तेवढ्यात मंगल आत आली. हातात रिकामा कॅन होता. नळ बंद होता तरी रोज आणत होती, कुठं वाटेत मिळालं तर. तिनं कागद वाचायला घेतला. तिची नजर ओळीनं खाली खाली गेली. सावकाश, एकेक नाव. मला ती नजर ओळखीची होती.

"चेअरमनसायेबांचं नाव घातलंत," ती म्हणाली. "आता तुमचं काय खरं नाय."

"नाही तर नाही."

ती तळाशी पोचली. कागदाची मागची बाजू पाहावी तसं कोपऱ्याला बोट लावलं.

"आमची ओळ कुठाय?"

"काढली. तुम्हाला पुन्हा त्रास नको म्हणून."

"काढली कशाला?" तिचा आवाज चढला. "आम्ही काय चोरून नेतो का? नेतो ते नेतो. अकरा कॅन. लिहा."

मी खिशातून पेन काढलं. तळाशी थोडी जागा उरली होती. लिहायला लागलो: तळमजल्याचा नळ, ११...

"अकरा काय?" ती म्हणाली. "वरती सगळ्यांची नावं हायत."

पेन थांबलं. सहा वर्षं मी तिला पाहत होतो, आठ दिवस त्या अकरा जणींना मोजत होतो, आणि मला एक सोडून कुणाचं नाव माहीत नव्हतं. लिफ्टचं दार बंद होऊ लागलं. मंगलनं कॅन मध्ये अडकवला. दार कॅनला आपटून मागं गेलं, पुन्हा आलं, पुन्हा आपटलं.

"मी सांगते," ती म्हणाली. "तुमी लिहा. पहिली मंगल. मग छाया. मग दोन सुनीता हायत, एक उंच, एक बुटकी..."

मी लिहू लागलो.